चिनी जोडीदार अन् बाळापूरचा कासरा

मूर्तिजापुरात टपरीवर बसलो का कोनी ना कोनी विचारतेच, "फौजी, सांगन्यासारखं काही घडलं का?" घडलं तं लय, बापा. एका सरावाचेच किस्से एवढे का चहा थंडा होते.

चीनच्या फौजेसंग अतिरेक्यांविरुद्धचा सराव होता. हद्दीवर ज्याइच्यासमोर छाती काढून उभं राहाचं, त्याइच्याच खांद्याले खांदा लावाचा. पयल्या दिवशी दोन टेबलं अन् मधात मीठ एकच. मीठ घ्याले ते उठले का आमी बसो, आमी उठलो का ते बसत. साऱ्याइनं अळनी जेवन केलं.

दुसऱ्या दिवशी म्या मायच्या हातचा ठेचा मुद्दाम त्याइच्यापुढं ठेवला. म्हटलं, पाहू दम. एकानं चमच्यानं खाल्ला, डोळ्यात पानी नाही. मंग त्यानं आपल्याकडच्या मिरचीची बरनी सरकवली. म्या एक घास घेतला अन् दिवसभर बोललो नाही.

मंग जोड्या पडल्या, एक आमचा, एक त्याइचा. जी जोडी उत्तम, ती शेवटच्या दिवशी दोन्हीकडच्या साहेबांपुढं धूर भरलेल्या इमारतीत ओलीस सोडवाले आधी घुसनार. बाळापूरच्या सलीमले तो मान पायजेच होता. पन तो अन् त्याचा जोडीदार धुरात एकमेकांवरच आदळत.

सलीमनं किटबॅगमधून कासरा काढला. नापिकीच्या सालात त्याच्या अब्बानं बैलजोडी विकली, तिचा कासरा ह्यानं जपून ठेवला होता. एक टोक आपल्या कमरेले, दुसरं चिनी जवानाच्या. एक झटका म्हंजे थांब, दोन म्हंजे चाल.

अकोल्याचे सुभेदारसाहेब भडकले, "सलीम, तो जवान हाये का बैल?"

सलीम म्हने, "साहेब, बैलाइले बी कुठं मराठी येते?"

मान त्याच जोडीले भेटला. पन आत परीक्षकानं सलीमले लाल फीत बांधली. म्हंजे गोळी लागली, पडून राहा. पुढं गेलेल्या जोडीदारानं दोन झटके दिले, उत्तर नाही. तो वापस फिरला, सलीमले पाठीवर घेतलं अन् तसाच ओलीस ठेवलेल्याइले सोडवून बाहेर आला. दोन्ही फौजा उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. मले दोघाइचाबी लय अभिमान वाटला, आजबी वाटते.

निघताना त्या दोघाइनं कासरा मधातून कापला, अर्धा अर्धा घेतला.

सुट्टीत मी सलीमसंग बाळापूरले गेलो. त्याच्या अब्बाले मी चाचा म्हनतो. चाचाइनं कासरा हातात घेतला, टोक पायलं. "अर्धाच?"

सलीमनं सारं सांगतलं.

चाचाइनं कासऱ्यावरून हात फिरवला. मंग म्हने, "बैल विकले तवा बी म्या जोडी नोती तोडली, बेटा."