इंग्लंडला दाखवायची शिल्लक

ती घटना आठवायला बसलो की मला आधी कापूस दिसतो. आमच्या ठाण्यामागे कापसातली सरकी काढणारे जिनिंग होते आणि हंगामात दुपारभर त्याचे तंतू हवेत तरंगत असत. ते फाइलींवर बसत, टेबलावरच्या पाण्यात पडत, हजेरीला उभ्या असलेल्या शिपायांच्या टोप्यांवर बसत. इतक्या पांढऱ्या आणि मंद दुपारी मी दुसऱ्या कोणत्याही ठाण्यात पाहिल्या नाहीत. हिंगणघाट तालुक्यातले ते माझे शेवटचे ठाणे. निवृत्तीला दीड वर्ष उरले होते. यात मी कोणाचेही नाव घेणार नाही. माणसे हयात आहेत.

खबर जामच्या चौकातून आली. तिथला एक पानठेलेवाला अधूनमधून मला फोन करत असे. काही कामाचे असेल तरच करायचा, म्हणून मी त्याचा फोन टाळत नसे.

"साहेब, एक सुटाबुटातला मानूस येऊन राह्यला. दर खेपेले गाडी वेगळी. अल्लीपूरकडचे लोक त्याले भेटतात. इंग्लंडच्या गोष्टी करते."

"मग तुला त्यात काय खटकलं?"

"इंग्लंडच्या गोष्टी करते अन् माह्या तंबाखू-खर्र्याचे पैसे उधार ठेवते."

मी हसलो, पण वर्णन लिहून घेतले. शेजारच्या जिल्ह्यातल्या ठाण्यांना विचारले, तेव्हा एका ठिकाणी असाच माणूस निघाला. व्हिसा करून देतो म्हणून त्याने लोकांकडून रोख रक्कम घेतली होती. साक्षीला कोणी उभे राहिले नाही आणि ते प्रकरण तिथेच विरले.

बीट जमादार दोन दिवसांत माहिती घेऊन आला. अल्लीपूरजवळच्या एका गावात एक किराणा दुकानदार होता. त्याच्या मुलीचे लग्न होऊन दीड वर्ष झाले होते. जावई आष्टीकडचा, इंग्लंडातल्या एका लहान शहरात वृद्धांची देखभाल करणाऱ्या संस्थेत कामाला. तिथे कायम राहण्याची परवानगी त्याला मिळाली होती. लग्नानंतर तीन आठवड्यांनी तो परत गेला आणि मुलगी माहेरी थांबली होती. पत्नीला तिकडे नेण्यासाठी नवऱ्याची कमाई ठरावीक मर्यादेच्या वर असावी लागते. ती मर्यादा मध्ये वाढली आणि याचा पगार थोडा खाली राहिला. त्यातच त्या दुकानदाराच्या गल्लीतले लोक आठवडाभर पतसंस्थेतून पैसे काढत होते.

म्हणजे सुटातला माणूस कोणाकडे येतो ते कळले. पैसे त्याच्या हाती जायच्या आत मला जबाब हवा होता.

दुकानदाराने मला आतल्या खोलीत सोफ्यावर बसवले. सोफ्याच्या एका हातावर मोराचे भरतकाम केलेले कापड पांघरलेले होते. चहा आला.

"लोकांनी तुम्हाला पैसे दिलेत का?" मी विचारले.

"पैसे? कायचे पैसे साहेब? दुकान हाय, गिऱ्हाईक येते, देते."

"जामला कोणाला भेटता?"

"जामले तर आमी बस बदलाले जातो."

खोटे बोलणारा माणूस सहसा जास्त बोलतो. हा कमी बोलत होता, आणि अजिबात घाबरलेला नव्हता. ते मला समजेना.

मागच्या अंगणात मुलगी भिंतीला टेकून फोन धरून बसली होती. महिला शिपाई तिच्याशी बोलायला गेली तेव्हा मीही मागे उभा राहिलो. फोनमध्ये धुक्यातला रस्ता हलत होता. आपल्याकडे दुपार म्हणजे तिकडे सकाळ. नवरा कामावर चालत जाताना फोन खिशात उभा ठेवायचा, कॅमेरा बाहेर, आणि ती इथून त्याच्याबरोबर चालायची.

"आता लाल फाटक येईन," ती आमच्याकडे न बघता म्हणाली. "मंग एक म्हातारी कुत्रं घेऊन येते. आज उशीर झाला वाटते तिले."

खरोखरच लाल फाटक आले. नंतर धुक्यातून एक बाई आणि कुत्रे आले. अंगणात कापसाचे दोन तंतू खाली उतरत होते, पडद्यावर धुके उतरत होते, आणि क्षणभर मला कळेना की आम्ही तिघे आणि तो नवरा नेमके कुठे आहोत. महिला शिपाई तर कुत्र्याकडे बघून हसलीसुद्धा. जबाब राहिला बाजूला. फोन बंद झाल्यावर मी विचारले तेव्हा मुलगी एवढेच म्हणाली, "साहेब, मले फक्त तिथं जायचं हाय."

पुढचे तीन-चार दिवस आम्ही गल्लीत घरोघर विचारले. पतसंस्थेतून पैसे काढल्याचे सगळे मान्य करत. कशाला, तर छपरासाठी, बोअरसाठी, दातांसाठी. दुकानदाराला दिले का? नाही. जमादार वैतागला. "साहेब, फसवला जानारा मानूस पोलिसाच्या मांगे लागते. हे तर आपल्यालेच वाटेले लावून राह्यले."

माझाही तर्क चुकत होता. शेजारी दुसऱ्याच्या व्हिसासाठी पैसे कशाला देतील, म्हणून त्यांचा सट्टा असेल, भिशी असेल, असे मी धरून चाललो होतो. सगळे एकसारखे खोटे बोलतात म्हणजे सगळे गुन्ह्यात आहेत, असा माझा नोकरीभराचा हिशेब.

त्या रविवारी मी साध्या कपड्यांत गल्लीत गेलो. गल्लीतले सर्वांत वडीलधारे गृहस्थ, ज्यांना सगळे आबाजी म्हणत, त्यांच्याशी बोलायचे होते. ते घरी नव्हते. समोरच्या घरी मुलगी पाहण्याचा कार्यक्रम होता, तिथे बसले होते. त्यांनी मला हाताने आत बोलावले आणि पाहुण्यांना सांगितले, "हे आमच्या वळखीचे."

मी बसलो. बसताना हाताखाली भरतकाम लागले. पाहिले तर मोर.

"आबाजी, हा सोफा तर..."

आबाजींनी माझा हात दाबला. "पोहे घ्या, पोहे."

मग मी खोलीभर नजर फिरवली. फ्रिजवरचे फुलांचे स्टिकर मी पलीकडच्या घरात पाहिले होते. दारातली मोटारसायकल तर ज्या गृहस्थाने दातांसाठी पैसे काढले म्हणून सांगितले होते, त्यांची. आणि ते गृहस्थ स्वतः पाहुण्यांना पाणी देत होते. आपल्या गाडीकडे त्यांनी एकदाही पाहिले नाही.

पाहुणे गेल्यावर मी आबाजींना ओट्यावर बसवले.

"तुमी काऊन बोलले मधात?" उलट तेच मला रागावले. "पाहुन्यापुढं कोनी इचारते का, सोफा कोनाचा म्हनून?"

"नेहमी असंच करता?"

"माह्या लग्नात बैल आनले होते शेजाऱ्याचे. आता सोफा आनतात. ज्याच्या घरी पाहुने, त्याच्या घरी गल्लीचं सामान. अन् देनारा कधी म्हनत नाई का माहं हाय. मांगून बी नाई म्हनत. म्हतलं तर त्या पोरीची इज्जत जाते."

मला सारे लख्ख दिसले. "आबाजी, दुकानदाराच्या मुलीकडे पाहुणे येणार आहेत का?"

त्यांनी आजूबाजूला कोणी नाही ना ते पाहिले. मग हळूच म्हणाले, "येनार म्हनते तो मानूस. गोरे साहेब. घर पाहतीन, बँकेतले पैसे पाहतीन, अन् मंग पोट्टीले नेतीन. आमी समोरून चुना बी मारून घेतला."

खरोखरच साऱ्या गल्लीच्या दर्शनी भिंती नव्याने रंगवलेल्या होत्या. मी रोज तिथून जात होतो आणि मला वाटले होते, दिवाळीची रंगरंगोटी असेल.

इंग्लंडचे सरकार या गल्लीच्या लेखी सोयरे होते. सोयऱ्यांना दाखवायचे ते गल्लीने जमवले होते, आणि नेहमीच्या रीतीने सगळे गप्प होते. सुटातल्या माणसाने नेमकी ही रीत ओळखली होती. पैसे रोख द्या, मी मुलीच्या नावाने खाते उघडून सहा महिने ठेवतो, कोणाला सांगू नका, एवढे सांगितले की काम झाले. बाकीची गुप्तता गल्ली स्वतःच सांभाळणार होती.

मी घरी जाऊन इंग्लंडच्या व्हिसाचा नियम स्वतः वाचला. समजेपर्यंत वाचला. कमाई कमी पडली तर बचत दाखवता येते हे खरे होते. पण ती बचत नवरा-बायकोच्या स्वतःच्या ताब्यात सहा महिने असावी लागते, कुठून आली ते सांगावे लागते, आणि उसनी अजिबात चालत नाही. म्हणजे त्या माणसाने पैसे प्रामाणिकपणे ठेवले असते तरी ते बाद होते. आणि उसने असून स्वतःचे म्हणून दाखवले असते, तर खोटेपणाचा शिक्का मुलीच्या नावावर कायमचा बसला असता.

दुसऱ्या दिवशी मुलीला आणि तिच्या वडिलांना ठाण्यात बोलावून मी हे सगळे सांगितले. वडील खाली मान घालून बसले. मुलगी म्हणाली, "म्हंजे गल्लीनं देल्ले तरी कामाचे नाई?"

"नाही."

"अन् मी तुमाले लिहून देल्लं का पैसे उसने होते, तर ते कागद तिकडं गेले तर?"

"तुझा अर्ज अजून भरलेला नाही. त्यामुळे तू खोटं काही दाखवलेलं नाहीस. पण पुढे काय होईल याची हमी मी देऊ शकत नाही."

खिडकीतून येणारा एक तंतू टेबलावर उतरेपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली. स्वप्नात माणूस जसा जागचा हलत नाही तशी. मग म्हणाली, "घ्या लिहून. त्याच्या रस्त्यानं खोटं बोलून नाई चालता येनार मले. रोजचा रस्ता हाय तो, लाल फाटकाचा."

फिर्याद तिच्या नावाने नोंदवली. सापळा सोपा होता. गुरुवारी भर दुपारी तो माणूस दुकानात आला. पंच साखर घेण्याच्या निमित्ताने उभे होते. रक्कम हातात घेऊन त्याने ती पिशवीत घातली आणि जमादाराने पिशवीवर हात ठेवला.

चौकशीत तो आधी हिंदीत सुरू झाला. "साहब, हम तो गरीबों की सेवा करते हैं।"

मी त्याला चहा दिला. मग म्हणालो, "मला फक्त समजावून सांगा. सहा महिने पैसे कोणाच्या ताब्यात असावे लागतात?"

"ताब्यात म्हणजे... खात्यात."

"कोणाच्या?"

"माझ्या. म्हणजे तिच्या. माझ्यामार्फत."

खाते उघडल्याचा एकही पुरावा त्याच्याकडे नव्हता. संध्याकाळपर्यंत त्याने शेजारच्या जिल्ह्यातली तीन कुटुंबेही सांगितली. गल्लीची रक्कम न्यायालयाच्या आदेशाने दुकानदाराकडे परत आली आणि त्याच्याकडून घरोघर गेली. पण "ही माझी होती" असा जबाब द्यायला गल्लीतले कोणीही तयार झाले नाही. आबाजीही नाहीत. "ते आमच्यात बसत नाई," एवढेच. खटला एकट्या मुलीच्या फिर्यादीवर उभा राहिला.

तिकडे जावयाने शनिवार-रविवारचे दुसरे काम धरले. दोन्ही पगार मिळून मर्यादेच्या वर जात होते. सहा महिने ते काम सलग दिसल्यावर अर्ज भरला गेला. त्यात जे होते ते सगळे त्यांचे स्वतःचे होते.

पुढच्या हंगामात ती ठाण्यात आली. जिनिंग पुन्हा सुरू झाले होते.

"व्हिसा आला, साहेब." चेहऱ्यावर आनंद होता, पण अर्धाच. "कोर्टाची तारीख लागाची हाय. मी गेली तर तो सुटून जाईन का?"

मी खरे सांगितले. परदेशातून साक्ष घेता येते, पण ते न्यायालयाच्या हाती. फिर्यादीच नसेल तर खटला लंगडतो. त्या माणसाचा वकील नेमकी हीच वाट पाहत होता.

"तुमी म्हनसान तर थांबते," ती म्हणाली.

मला त्याला शिक्षा झालेली बघायची होती, हे मी लपवत नाही. निवृत्तीला थोडे महिने उरले होते आणि ते प्रकरण अर्धवट टाकून जायची माझी इच्छा नव्हती. पण त्या मुलीने अडीच वर्षांचा संसार फोनमधल्या एका रस्त्यावर केला होता. तिला थांब म्हणायला माझी जीभ उचलेना आणि जा म्हणायलाही उचलेना. ती नमस्कार करून निघून गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी हजेरी संपत होती. फाटकातून माणसे आत येताना दिसली. पुढे आबाजी, मागे मोटारसायकलवाले गृहस्थ, त्यांच्या मागे बायका, पदर सारखे करत. सगळे धुतलेले कपडे घालून आले होते. कापसाच्या त्या धूसर उजेडात ती रांग तरंगत आल्यासारखी वाटली. मला वाटले काही लग्नकार्याचे आमंत्रण आहे.

"बसा, आबाजी. काय काम?"

"लिहून घ्या," आबाजी म्हणाले. "माहे पैसे होते. मी देल्ले होते."

"नीट विचार केला का? उद्या कोर्टात सगळ्यांसमोर सांगावं लागेल. वकील उलटसुलट विचारेल. पेपरात येईल."

मोटारसायकलवाले गृहस्थ मागून म्हणाले, "येऊ द्या. दाताचं बी खोटं होतं म्हनून लिहा."

बायका हसल्या. जमादार तोंड फिरवून खिडकीकडे बघू लागला.

सर्वांचे जबाब आम्ही त्याच सकाळी लिहून घेतले आणि न्यायालयाच्या परवानगीने ते पुरवणी म्हणून दाखल केले. माझ्या निवृत्तीनंतर खटला चालला. मी साक्षीला गेलो तेव्हा गल्ली आधीच येऊन बसली होती. सुटातल्या माणसाला शिक्षा झाली.

चौतीस वर्षांत मी गप्प बसलेल्या माणसाकडे एकाच नजरेने पाहिले. गप्प म्हणजे दोषी, निदान सामील. या प्रकरणानंतर मी मनाशी आणखी एक शक्यता धरायला शिकलो. माणूस दुसऱ्या कोणाची तरी लाज राखत असेल. हे फार उशिरा कळले. आधी कळले असते तर काही जुन्या चौकशा मी वेगळ्या रीतीने केल्या असत्या. नव्या अधिकाऱ्यांना मी एवढेच सांगतो. सगळी गल्ली एकसारखे खोटे बोलू लागली तर आवाज चढवू नका. कोणासाठी बोलतात ते आधी पाहा.

त्या सकाळच्या जबाबांमधला शेवटचा जबाब एका म्हाताऱ्या बाईंचा होता. एकट्या राहत, कापूस वेचायला जात. त्यांची रक्कम सर्वांत लहान होती आणि त्यामुळे त्या सगळ्यांच्या मागे उभ्या होत्या. मी नाव, वय, धंदा विचारत होतो. मध्येच त्यांनी मला थांबवले.

"हे सारं मंग लिहा बाप्पा. पह्यले पोट्टीले सांगा, तू जाजो."