पाच नंबर मोकळा नव्हता

विश्वास ठेवाच, असा माझा आग्रह नाही. माझाही असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. अंबडला माझं कॉम्प्युटर रिपेअरिंगचं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणतं, "आत भूत शिरलंय," आणि मी डबा उघडून त्याला धूळ दाखवतो... असला माणूस मी.

मागच्या वर्षी कुंभार पिंपळगावच्या सलीमभाईंचा फोन आला. त्यांचं एम्ब्रॉयडरीचं वर्कशॉप. वडील वारल्यापासून तिथलं कॉम्प्युटरवर चालणारं जुनं मशीन बंद होतं. बहीण शबानाच्या लग्नाच्या ओढणीसाठी वडिलांनी स्वतः नक्षी काढून ठेवली होती, आणि ती फक्त त्याच मशीनवर निघायची.

"भाऊ, परवा निकाह हाय. तिला दुसरी ओढणी न्हाई पाहिजे," सलीमभाई म्हणाले. ओढणी मशीनवर ताणून तयारच होती.

जुन्या कॉम्प्युटरात स्लॉटमध्ये बसवलेल्या प्रत्येक कार्डाला स्वतःचा नंबर लागतो. दोन कार्डांनी एकच धरला की दोन्ही अडून बसतात. मशीन चालवणाऱ्या कार्डाला पाचच चालायचा, आणि स्क्रीनवर येत होतं — पाच नंबर वापरात आहे. मी साउंड कार्ड काढलं, मोडेम काढला. तेच. वैतागून मशीनचं कार्डही उपसलं. सगळे स्लॉट रिकामे... तरी पाच नंबर वापरात. भर दुपारी टॉर्च लावून मी स्लॉट पुन्हा तपासले.

तेवढ्यात शबाना चहा घेऊन आली. "भाईजान, उस्तादची इजाजत घेतली का?" तिने सलीमभाईंना विचारलं.

त्यांच्याकडे रिवाजच होता — उस्ताद हो म्हणाल्याशिवाय बटण दाबायचं नाही. उस्ताद म्हणजे वडीलच.

"आता कुणाला विचारू?" सलीमभाईंचा आवाज चढला. "अब्बा गेले ना."

ती वडिलांच्या रिकाम्या स्टुलापुढे जाऊन उभी राहिली. "अब्बा, चालू करू का?" क्षणभर थांबली, आणि तिने बटण दाबलं.

सुई धडधडू लागली.

"बराबर झालं भाऊ, शुक्रिया," सलीमभाईंनी माझा खांदा दाबला. मशीनचं कार्ड समोर टेबलावर पडलं होतं. आणि मशीनमधून येणाऱ्या, त्या कार्डाला जोडायच्या केबलचं सुटं टोक... माझ्या मुठीत होतं.

असं कसं झालं, आजही सांगता येत नाही. जाणकार मित्रांना विचारलं तर ते हसतात. मला तेव्हा फक्त भीती वाटत होती, आणि ती भुताची नव्हती. शबाना ओढणीकडे बघत रडत होती; मी केबल सोडली आणि नक्षी अर्धीच राहिली तर?

शेवटचा टाका पडेपर्यंत मी मूठ उघडली नाही.