कागदावर सुनंदाक्काचंच नाव

मंडळी, आज दुपारी भाचीनं ऑफिसातली अडचण सांगितली. तिचा पडद्यामागं आपोआप चालणारा प्रोग्राम लॉगिन केलेल्या माणसाचं नाव चुकीचं सांगतोय. मला ऐंशीच्या दशकातलं बेळगाव आठवलं.

आमच्या कारखान्याच्या ऑफिसात एकच कॉम्प्युटर होता, त्याला चार टर्मिनल, म्हणजे पडदा आणि कीबोर्ड, जोडलेले. छपाईचा प्रोग्राम निपाणीची सुनंदाक्का रोज सकाळी आपल्या लॉगिननं सुरू करायची. एकदा साहेबांची टिंगल करणारा कागद छापून निघाला. वर नाव सुनंदाक्काचं.

साहेब म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."

"म्या न्हाय छापलं, साहेब."

मी तिला साहेबांच्या शेजारी उभं केलं आणि दुसऱ्या टर्मिनलवर माझ्या लॉगिननं एक ओळ छापली. त्याही कागदावर तिचंच नाव आलं. टर्मिनलवर कोण बसलंय हे प्रोग्राम बघतच नव्हता. सकाळी त्याला जो सुरू करेल, त्याचंच नाव तो प्रत्येक कागदावर छापायचा.

साहेबांनी कागद घेऊन नाव वाचलं. "बसा जागेवर."

सुनंदाक्का बसली नाही. "आदी माझं नाव काढा त्यातनं."

संध्याकाळपर्यंत प्रोग्राम बदलला, मगच ती बसली. टिंगल कुणी केली ते कधीच कळलं नाही.

दुसऱ्याचं काम तुमच्या नावावर कधी खपलंय का?