ब्लॉक नंबर चारची सुपरव्हायझर

मी विज्ञान शिकवते, तेव्हा आधीच सांगते – भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी उठून जाणाऱ्यांतली. तसंही उठून जाणं हा माझा रोजचाच उद्योग. मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे... म्हणजे मोठ्या आतड्याला आतून जखमा. रक्त पडतं, आणि जायचं म्हटलं की त्याच मिनिटाला जावं लागतं.

२०१७ चा मार्च. तलासरीजवळच्या एका शाळेत शिक्षण सेवक म्हणून माझं तिसरं वर्ष. जूनमध्ये कायम व्हायचं होतं. तोवर एकही तक्रार नको, म्हणून आजाराचं शाळेत कोणालाच सांगितलं नव्हतं. "मॅडमच्या तासाला पोरांची मधली सुट्टी," असं स्टाफरूममध्ये चिडवायचे, मीही हसायचे. रडायचं ते डहाणू रोडला घरी येऊन.

दहावीचा इंग्रजीचा पेपर, तीन तास. मला ब्लॉक नंबर चार – शेवटची खोली, मागच्या भिंतीला लागूनच बायकांचं टॉयलेट. एका ब्लॉकला एकच सुपरव्हायझर. रिलीव्हर येऊन जागा घेईपर्यंत वर्ग सोडायचा नाही. सोडला आणि सापडले तर नोकरी गेलीच. आदल्या दुपारपासून मी काही खाल्लं नव्हतं. ही माझी नेहमीची युक्ती.

पहिल्या तासाची घंटा झाली आणि पोटात पीळ पडला. रिलीव्हर दिसेना. शिपायाला हाक मारली, तोही नाही. मग मी निघालेच... पंचवीस मुलं आणि टेबलावरच्या कोऱ्या पुरवण्या तशाच टाकून.

आत बसते न बसते तोच बाहेर जीप थांबली. भरारी पथक. उठायला गेले, पण अंग उठूच देईना. घाम, कळा, रक्त. वरच्या झरोक्यातून वर्गातलं सगळं ऐकू येत होतं. बूट वाजले. मी डोळे मिटून घेतले. आता विचारतील, सुपरव्हायझर कुठे आहेत...

"पुरवणी कोणाला हवीय? बसल्या जागी हात वर करा."

आवाज माझा होता. शब्दही माझेच, दर पेपरला म्हणते तेच.

खरं सांगू? आधी मला हायसं वाटलं. भीती नंतर वाटली.

वीसेक मिनिटांनी परतले तर जीप निघत होती. टेबलाजवळ कोणी नाही. मुलं माना खाली घालून लिहीत होती. पुरवण्यांच्या तक्त्यात तीन नव्या ओळी, समोर माझी सही – सहीखाली मी मारते ती तिरपी रेघसुद्धा. पेपर सुटल्यावर पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारलं, "मी बाहेर गेले तेव्हा कोण आलं होतं गं?"

"बाहेर? तुमी तं हलल्याच नाय, मॅडम."

जूनमध्ये मी कायम झाले. पुढच्या वर्षी धीर करून वापीच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट हेडसरांपुढे ठेवलं. म्हटलं, परीक्षेची ड्यूटी नको. त्यांनी शांतपणे भेटवही काढली आणि पथकाचा शेरा दाखवला – ब्लॉक चार, पर्यवेक्षिका जागेवर, दक्ष.

"आणि त्या दिवशी रिलीव्हर तुमच्या दारात आला होता," ते म्हणाले. "तुम्हीच त्याला परत पाठवलंत. म्हणालात, मला गरज नाही. मग हा आजार कसला, मॅडम?"

मी तिथे नव्हते म्हणावं तर नोकरी जाते. होते म्हणावं तर आजार खोटा ठरतो. सर्टिफिकेट उचललं आणि बाहेर आले.

हे काय होतं, मला आजही सांगता येत नाही. भास म्हणावा, तर तो तिघांना पुरवण्या कसा देईल?

२०१९ लाही मला ब्लॉक चारच मिळाला. रिलीव्हर माझ्या दाराशी थांबतही नाही आता, मॅडमना लागत नाही असं सगळ्यांचं ठरूनच गेलंय. पोट आवळून, टेबल धरून मी तीन तास उभी राहिले. सारखी दाराकडे बघत होते. ती काही आली नाही.