तांबडे कोंबडे

चूक माझी होती, आणि ती मी चारचौघांत छाती फुगवून केली होती.

नव्वदीच्या दशकात डिंडोलीत आमच्या गल्लीच्या टोकाला एक मावशी कोंबड्या पाळायची. नवरा गेल्यावर तिचं घर त्यांच्यावरच चालायचं. आम्ही बहुतेक खानदेशातून तिथे पोटासाठी आलेले, कापडाच्या लूमवर काम करणारे. आषाढात मरीआईला गावरानच कोंबडा लागायचा, आणि तो तिच्याकडूनच यायचा.

त्या वर्षी तिचे कोंबडे तांबडे निघाले. गावाकडे सरकारी फारमवर मी दोन महिने तांबड्या विलायती कोंबड्यांना दाणे टाकले होते. तेवढ्यावर गल्लीत मी जाणकार. एक कोंबडा उलटा धरून, त्याचे पिवळे पाय दाखवत मी म्हणालो, "हे फारमचं बेणं आहे. देवीला फसवते ही बाई."

"मना कोंबडा गावरानच शेतस," ती ओरडली. "दोन महिना दाना टाका नि डाक्टर व्हई गया का रे भाऊ?"

लोक हसले. ते हसणं मला झोंबलं, आणि मी आणखीच तावात आलो. शेवटी देवीसाठी कोंबडे कामरेजच्या बाजारातून आणले. त्यानंतर तिच्याकडून कोणी अंडंही घेईना.

दिवाळीच्या आधी तिच्या दारावरून जाताना मला त्या कोंबड्यांची आई दिसली. तशीच तांबडी. टोपलीत अंड्यांवर बसलेली, पिसं फुलवून गुरगुरणारी. फारमवरच्या तांबड्या अंडं घालून उठून जायच्या. एकही कधी खुडूक होऊन अंडी उबवायला बसली नव्हती, पिल्लं यंत्रातून निघायची. म्हणजे ही गावरानच. हे मी रोज पाहिलं होतं, आणि निवाडा मात्र रंगावरून केला होता.

तरी मी गप्प राहिलो. याचीच मला आजही जास्त चीड येते. कळलं नव्हतं तोवर मी अडाणी होतो. कळल्यावर नीच झालो. वर्षानुवर्षं तिचे कोंबडे नेणाऱ्यांपैकी एकानेही मला 'कशावरून?' असं विचारलं नाही, याचाही संताप येतो. पण त्यांच्यावर चिडायचं मी कोणत्या तोंडाने?

पुढच्या आषाढात सगळे पुन्हा जमले. कामरेजला कोण जाणार, याची चर्चा चालली होती. मी उठून मावशीला हाक मारली.

"आते काय ऱ्हायनं सांगाले?" तिने दारातूनच विचारलं.

"हिचे कोंबडे गावरानच होते," मी सगळ्यांना सांगितलं. "मला ओळखता आलं नाही. कळलं तेव्हाही मी बोललो नाही." मग तिच्याकडे वळलो. "मावशी, मनं चुकनं. तुनावर खोटा आळ लिधा. माफ कर."