कमलच्या पोटावर हात

"हिला बाहेर न्या. बाकीचे पेशंट घाबरतात."

नारायणगावचा डॉक्टर मान वर न करता बोलला. पंचाण्णव-शहाण्णव साल असंल. माझी कमल सात वर्षांची. बोलत न्हवती, कुणाच्या डोळ्यात बघत न्हवती. बाकड्यावर मुटकुळं करून सोताचाच हात चावत व्हती. मी सांगितलं, आठ दिस परसाकडं झाली न्हाई.

"वेडाला औषध नसतं बाई."

झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. पोरीला बोटसुदिक लावलं न्हाई. घरी परतताना एसटीत आमच्या शेजारची जागा तळेघरपर्यंत रिकामीच राहिली.

आमच्यात पोट दुखलं की पोटावर बिबा तापवून डाग देत्यात. सासूनं कपाळावर दिला. खोट डोक्यातच हाय, असं समद्यांनी ठरवलं व्हतं. मालक बाहेर जाऊन बसले. तिचे हात मी धरले. मी, तिच्या आईनं. ही चूक माझी, दुसऱ्या कुणावर ढकलत न्हाई. दोन दिस ती माझ्याजवळ आली न्हाई. वाडीतल्या बाया तर कवाच यायच्या बंद झाल्या व्हत्या.

एका रातीला कमल गोळी खाऊन झोपली, तरी झोपेत पोट धरून कण्हत व्हती. मी हात लावून बघितला. पोट दगडावाणी घट्ट. अगं बया, इथं दुखतंय व्हय पोरीला!

तिला खांद्यावर टाकून परत नारायणगाव गाठलं. कंपाउंडर आडवा आला. मी थेट आत शिरले, डॉक्टरचा हात धरला आन् कमलच्या पोटावर ठेवला.

"मला हाकला मागनं. आधी हे बघा."

समदा दवाखाना बघत व्हता. लई भ्याले व्हते, पण हात सोडला न्हाई. त्यानं पोट चाचपलं. एनिमा दिला. त्या सांजेला कमलनं हात चावला न्हाई. दोन घास भात खाल्ला.

लई वर्षांनी पुण्यात एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, ह्याला ऑटिझम म्हणत्यात, हे वेड न्हवं. अशा लई लेकरांना पोटाचा तरास असतो. सांगता येत न्हाई, मग चावत्यात, डोकं आपटत्यात. एवढंच कुणी तवा सांगितलं असतं तर?

कमल अजून बोलत न्हाई. आमच्या दारात कुणी येत न्हाई. न येवो. पण तिला दुखतंय असं मी म्हणले, तर ते ऐकावंच लागंल. डॉक्टर असो का आणिक कुणी, ऐकल्याबिगर मी त्याच्या दारातनं उठणार न्हाई.