पत्ता चुकला, असं तो म्हणाला

आमच्या गावात माणूस गेला की आधी डॉक्टर येतात, मग नातेवाईक, आणि सगळे येऊन गेले की आम्ही. म्हणून लोकांनी मालकाला नाव ठेवलं होतं, शेवटचा पाहुणा. हसत हसतच म्हणायचे, पण आमचा टेम्पो आपल्या गल्लीत वळला की तेच दारं लोटून घ्यायचे. टेम्पो मी चालवायचो. एकवीस वर्षं चालवला. आणि मालक हे नाव मी त्याला चिडवायला ठेवलेलं. मालकी कसली आलीय डोंबलाची? एक टेम्पो, एक भाड्याचं गोदाम आणि दोघांची मिळून एक धड कंबर.

काम म्हणजे घरं रिकामी करून देणं. आईबाप जातात, पोरं दुसरीकडे नोकरीला, त्यांना रजा दोन दिवसांची आणि घरात सामान चाळीस वर्षांचं. अशा वेळी ती मालकाच्या हातात किल्ली द्यायची आणि मालक त्यांना झाडून पुसून मोकळं घर परत द्यायचा. विकण्यासारखं असेल ते जुन्या फर्निचरवाल्याकडे, कागद रद्दीत, उरलेलं गावाबाहेरच्या कचरा डेपोवर. हा धंदा तो शिकला कुठे, तर आत्याच्या घरी. आत्या गेली तेव्हा तिची तीन पोरं एकेक वाटी हातात घेऊन तीन दिवस रडली आणि चौथ्या दिवशी मिक्सरवरून भांडली. हा तेव्हा लोखंडाच्या दुकानात कामाला होता. बाह्या सरसावल्या आणि संध्याकाळपर्यंत घर मोकळं करून दिलं. "तुला बरं जमतं रे हे," असं कुणीतरी म्हणालं, आणि तेच त्याच्या गळ्यात पडलं.

त्याचे नियम होते, आणि त्या नियमांनी माझं डोकं उठायचं. फोटो फेकायचे नाहीत, सगळे एका खोक्यात घालून घरच्यांच्या हातात द्यायचे. पत्रं वाचायची नाहीत. शेवटी खिडकीच्या काचा पुसायच्या, कुणी सांगितलेलं नसलं तरी. आणि सगळ्यात मोठा नियम, घराचा माणूस जिवंत असेल तर त्याला आधी मधोमध खुर्चीवर बसवायचं, आणि तो 'ने' म्हणाला तरच वस्तू उचलायची. एकदा एक निवृत्त मास्तर मुलीकडे राहायला चालले होते. त्यांनी आमचे नऊ दिवस खाल्ले. एक चमचा उचलला की अर्धा तास त्या चमच्याची कथा. मी टेम्पोत बसून शिव्या घालत होतो आणि हा आत जमिनीवर बसून ऐकत होता. "त्यांचं घर आहे, त्यांना सोडवत नाहीये, तुला काय घाई आहे?" असं वर मलाच विचारायचा.

आता मूळ गोष्टीवर येतो.

एक साहेब गाडी घेऊन आले. शहरात नोकरी, बूट चकचकीत. म्हणाले, "आई हॉस्पिटलात वारली, पंधरा दिवस झाले. घर विकलंय, गिऱ्हाईक थांबलंय. दोन दिवसांत रिकामं हवं." किल्ली दिली आणि गेले. बंद पडलेल्या छापखान्याच्या वर, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. स्वच्छ घर होतं. भांडी पालथी घातलेली, अंथरुणाची घडी, कपाटावर स्वतः शिवलेलं कापड.

मालक न्हाणीघरात गेला आणि तिथेच उभा राहिला.

"दात घासायचा ब्रश नाहीये," तो म्हणाला.

"मग?"

"चष्मा नाही. कंगवा नाही. आणि पिशवी नाही."

त्या पिशवीचं सांगतो. माणूस हॉस्पिटलात जातो तेव्हा एक पिशवी बरोबर जाते. टॉवेल, पेला, ब्रश, कंगवा, एखादी पावडरची डबी. माणूस तिथे संपला तर ती पिशवी घरी परत येते आणि दारामागे पडून राहते. ती उघडायची कुणाची छाती होत नाही. एवढ्या वर्षांत असं एकही घर आम्ही पाहिलं नव्हतं की जिथे माणूस हॉस्पिटलात गेला आणि पिशवी परत आली नाही. पिशवी आलेली नाही, म्हणजे माणूस अजून तिकडेच आहे. हे मालकाला कळत होतं. मलाही कळत होतं, पण मी काय म्हणालो?

"मेलेल्या बाईचा ब्रश शोधत बसणार आहेस का? जिना अरुंद आहे, दुपारच्या आत कपाट उतरवायचंय. चल, हात लाव."

मी म्हणालो हे. कुणी दुसऱ्याने नाही.

तरी त्याने साहेबांना फोन लावला. साहेब वैतागले. "पिशवी आम्ही तिकडेच टाकून दिली. तुम्ही घर आवरता की चौकश्या करता?" मालकाने फोन खिशात टाकला आणि गादीचं एक टोक धरलं. दुसरं मी धरलं. दोन दिवसांत सगळं खाली. संध्याकाळी साहेब बघायला आले तेव्हा फोटोंचं खोकं त्यांच्या गाडीच्या डिकीत मालकाने स्वतःच्या हाताने ठेवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो काचा पुसत होता आणि मी केर भरत होतो. खाली रिक्षा थांबली. जिन्यावर पावलं वाजायला लागली, दोन पायऱ्या चढायच्या, थांबायचं, पुन्हा दोन पायऱ्या. दारात एक म्हातारी आली. हातात कापडी पिशवी, मनगटावर सुईची पट्टी तशीच चिकटलेली. एकोणीस दिवस हॉस्पिटलात काढून, कुणी न्यायला येईना म्हणून एकटीच सुटून आली होती.

तिने या भिंतीकडे बघितलं, त्या भिंतीकडे बघितलं.

"इथे माझी खाट होती," ती म्हणाली. मग आमच्याकडे वळली. "तुम्ही कोण रे?"

माझं डोकं असं भडकलं की विचारू नका. मी तोंड उघडलं होतं. 'आजी, तुमच्या दिवट्या चिरंजीवांना विचारा,' हेच बाहेर पडणार होतं. तेवढ्यात मालकाने माझ्या पायावर पाय दिला. चांगला करकचून दिला. हातातलं फडकं तसंच धरून तो तिला म्हणाला,

"आजी, चूक झाली. पत्ता चुकला. मागच्या इमारतीतलं दुसऱ्या मजल्यावरचं घर आवरायचं होतं. कुलूप उघडेना म्हणून तोडलं. माझीच चूक."

म्हातारीला बसायला काहीच नव्हतं. ती फरशीवर बसली. पिशवी मांडीवर घेतली.

जिन्यात मी त्याची गचांडी धरली. "वेड लागलंय का तुला?"

"तिची खाट गेली, भांडी गेली, कपडे गेले," तो म्हणाला. "आता पोरगाही घेऊन जाऊ का तिचा?"

मग काय, तमाशा. शेजारी जमले, पोलीस आले, दुपारी साहेब आले. काय नाटक केलं त्या माणसाने! "माझ्या आईचं घर लुटलं!" म्हणून मालकाची कॉलर धरली, डोळ्यांतून पाणीसुद्धा काढलं. आणि म्हातारीने पहिला प्रश्न काय विचारला? "फोटो कुठेत?" ते खोकं खाली उभ्या गाडीच्या डिकीत होतं. साहेबांना माहीत होतं, मालकाला माहीत होतं, मला माहीत होतं. साहेब छताकडे बघायला लागले. मालक म्हणाला, "टाकले आजी. कचऱ्यात गेले." ती बाई तेव्हा जो आवाज काढून रडली तो अजून माझ्या कानात आहे. पोलिसांनी तिच्या सहीने तक्रार लिहून घेतली आणि सामान परत आणून द्यायला सांगितलं.

पुढे दहा दिवस आम्ही तेच केलं. खाट मिळाली. शिलाई मशीन शेजारच्या गावात सापडलं. कपाट फोडून झालं होतं. कपड्यांची फडकी होऊन गॅरेजात गेली होती, तिच्या एका लुगड्याने मेकॅनिक हात पुसत होता. ते मालकाने धुऊन घेतलं. जे मिळालं ते परत नेऊन लावलं, खाट बरोबर त्याच भिंतीला. आणि अकराव्या दिवशी साहेब आईला म्हणाले, "असं कुणीही घरात घुसतं, आता इथे तू एकटी कशी राहणार?" तिला गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात नेऊन ठेवलं आणि घर ठरलेल्या गिऱ्हाइकाला दिलं. म्हणजे आमच्या मालकाच्या खोट्याचासुद्धा त्याने उपयोग करून घेतला. अशा माणसाला काय म्हणावं? मला येतात त्या सगळ्या शिव्या संपल्या.

लहान गाव. पंधरा दिवसांत मालकाचं नाव मातीत गेलं. हा धंदा म्हणजे विश्वास, दुसरं काही नाही. लोक तुमच्या हातात आईच्या घराची किल्ली देतात. आता कोण देणार? "माणूस मेलाय की जिवंत आहे, एवढं तरी विचारतो का तो?" असं बाजारात बोलायला लागले, आणि कुणाबद्दल, तर ज्याने मास्तरांचे नऊ दिवस ऐकून घेतले त्याच्याबद्दल. मी वहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, खरं काय ते सांगून टाकलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "तुम्हाला एवढं पुण्य कमवायचं होतं तर संसार कशाला मांडलात?" त्या त्याच्यावर ओरडल्या. गोदाम सोडलं, टेम्पो विकला. मी पाण्याच्या टँकरवर लागलो. मालकाला कचरा डेपोच्या गेटवर काम मिळालं, गाडी आली की आडवा बांबू वर करायचा, गेली की खाली करायचा. पूर्वी तिथलेच लोक त्याला चहा पाजायचे.

तरी तो रडत बसला नाही, हे सांगितलं पाहिजे. मी कधी चिडून विषय काढला की म्हणायचा, "म्हातारी सुखात आहे ना? तिला वाटतंय ना, आपला पोरगा चांगला आहे? मग झालं तर." एवढ्या एका गोष्टीवर तो दिवस काढत होता.

दीड वर्षाने वृद्धाश्रमातून निरोप आला, आजींनी भेटायला बोलावलंय. मालकाने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. "शिव्या देईल. देऊ दे. म्हातारं माणूस आहे," म्हणाला. मला बरोबर घेतलं. दुपारची वेळ होती. लांब खोली, सहा खाटा, खिडकीजवळची तिची. अगदी वाळून गेली होती. बाकीच्या बायका जेवायला गेल्या होत्या. तिने आम्हाला जवळ बोलावलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय आजी?"

"तुझा पत्ता चुकला नव्हता ते. हॉस्पिटलात त्याने माझी कागदांवर सही घेतली होती. औषधाचे कागद आहेत म्हणाला. तुम्हा दोघांना घरात बघितलं तेव्हा कळलं मला, कशाचे होते ते."

मालक खाटेच्या कडेला टेकला.

"पोलिसांनी सही मागितली, तेव्हाही माहीत होतं. तू आपणहून अंगावर घेतलंस, मला बरंच झालं. खरं बोलले असते तर तो परत तोंड दाखवता ना. आता महिन्यातून एकदा तरी येतो. अर्धा तास बसतो." तिने श्वास घेतला. "मनाला खात होतं. सांगून टाकलं, आता हलकं वाटतंय. पण कुणाला सांगू नकोस हं. रविवारी यायचाय तो."

"नाही सांगणार," मालक म्हणाला.

"तुझं बरं चाललंय ना?"

"हो आजी. चांगलं चाललंय."

बाहेर आल्यावर मी तोंड सोडलं. आत्ताच्या आत्ता बाजारात जातो, चौकात उभा राहून सगळं सांगतो, पोलिसांत जातो, काय काय बोललो. तो फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसला होता. इस्त्रीचा शर्ट घामाने भिजला होता.

"अरे, तिला कधीच काही वाटलं नव्हतं," तो म्हणाला. "पोरगा चांगला आहे असं एक दिवससुद्धा वाटलं नव्हतं तिला."

मग तो रडला. एवढ्या मेलेल्यांच्या घरांत मी त्याच्याबरोबर हिंडलो, एकदाही त्याच्या डोळ्यात पाणी पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून तो कामावर गेला नाही. खाटेवर आडवा आहे. वहिनींनी दोन डॉक्टर केले, त्यांना काही सापडत नाही. वहिनी आता ओरडतही नाहीत, बशीत चहा ओतून त्याच्या तोंडाला लावतात. मी टँकर रिकामा झाला की रोज जातो. "उठ रे, माणसासारखा बाहेर चल, निदान दारापर्यंत तरी चल," म्हणतो. तो भिंतीकडे तोंड करूनच विचारतो, "कशाला?" मग मी खाटेजवळ जमिनीवर बसतो आणि दिवसभराच्या टँकरच्या गोष्टी सांगत राहतो.